लोडखालच्या सर्व्हरवर नेटवर्क कार्ड अधूनमधून रिसेट होते तेव्हा

कामाची ऐन गर्दी असताना सर्व्हर काही सेकंद नेटवर्कवरून नाहीसा होतो आणि कोणी लक्ष घालण्याआधीच परत येतो. मागे उरते ती लॉगमधली कार्ड रिसेट झाल्याची एखादी ओळ. अशा वेळी ड्रायव्हर बदलणे, केबल बदलणे आणि इंटरनेटवर सापडलेल्या चार-पाच सेटिंग्ज एकाच दमात लावणे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. पुढचे दोन दिवस शांत गेले की प्रश्न सुटला असे धरले जाते, आणि तिसऱ्या दिवशी तीच ओळ पुन्हा दिसते. याचे कारण असे की रिसेट हा मूळ आजार नव्हे. कार्ड हालेनासे झाले असे वाटल्यावर ड्रायव्हरने केलेला तो उपचार आहे. ड्रायव्हरला तसे का वाटले, हे शोधायचे असते. पुढील विवेचन लिनक्स सर्व्हर गृहीत धरून केले आहे.

रिसेटपर्यंत गोष्ट कशी पोहोचते

पाठवायचे पॅकेट ड्रायव्हर थेट कार्डाच्या हवाली करत नाही. मेमरीतील एका चक्राकार रांगेत, म्हणजे रिंगमध्ये, तो त्या पॅकेटचा डिस्क्रिप्टर, म्हणजे ते मेमरीत कुठे आहे हे सांगणारी नोंद, ठेवतो. कार्ड डीएमएद्वारे, म्हणजे सीपीयूच्या मदतीशिवाय थेट मेमरीतून, तो वाचते, पॅकेट तारेवर सोडते, काम झाल्याची खूण करते आणि इंटरप्ट, म्हणजे सीपीयूचे लक्ष वेधणारा संकेत, देते. त्यानंतर ड्रायव्हर ती जागा मोकळी करतो. रिंग भरली की ड्रायव्हर रांग थांबवतो. रांग थांबलेली आहे आणि बराच वेळ, ड्रायव्हरने वेगळे मूल्य दिले नसेल तर ५ सेकंद, तिच्यात काहीही पुढे सरकलेले नाही, असे आढळले की कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) वॉचडॉग, म्हणजे अशी अडवणूक शोधणारा पहारेकरी, ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असा संदेश लिहितो आणि ड्रायव्हरला कळवतो. बहुतेक ड्रायव्हर यावर कार्ड रिसेट करतात, आणि त्या रिसेटमध्ये स्विचशी असलेली लिंकही क्षणभर जाऊन परत येते.

येथे एक बारकावा फार उपयोगाचा आहे. वॉचडॉग ही तपासणी कर्नलच्या दृष्टीने लिंक चालू असेल तेव्हाच करतो. त्यामुळे लॉगमध्ये वॉचडॉगचा संदेश आधी आणि ‘लिंक डाउन’ नंतर असेल, तर लिंक जाणे हा रिसेटचा परिणाम आहे आणि केबलच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. उलट ‘लिंक डाउन’ आधी आणि रिसेट नंतर असेल, तर संशय केबल, मॉड्यूल (पोर्टात बसवायचा केबलचा जोड-भाग) किंवा स्विचवर घ्यावा. कारण इंटेलच्या अनेक कार्डांचे ड्रायव्हर, लिंक गेली त्या वेळी रिंगमध्ये न पाठवलेली पॅकेट पडून असतील, तर ती साफ करण्यासाठी स्वतःहून कार्ड रिसेट करतात. निवांत सर्व्हरवर लिंक गेली तरी असा रिसेट होत नाही, कारण रिंग रिकामी असते. एकच सैल केबल एका सर्व्हरवर केवळ ‘लिंक डाउन’ म्हणून आणि दुसऱ्या, गजबजलेल्या सर्व्हरवर ‘कार्ड रिसेट’ म्हणून दिसते ती यामुळे.

पुढची घटना घडण्याआधीची तयारी

ओळींचा क्रम इतका महत्त्वाचा असल्यामुळे पुराव्याची व्यवस्था आधी करावी. सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकाचा जर्नल (लॉग) डिस्कवर कायम राहील असे ठेवावे, नाहीतर सर्व्हर रीबूट होताच सर्व काही पुसले जाते. कर्नलचे संदेश जर्नल वाचणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेतून मायक्रोसेकंदांपर्यंतच्या वेळेसह काढता येतात. सेकंदापुरती वेळ पाहून क्रम ठरवू नये. सर्व्हर आणि स्विच या दोघांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळलेली असली पाहिजेत, अन्यथा दोन्हीकडचे लॉग शेजारी ठेवून पाहण्याला काहीच अर्थ राहत नाही.

रिसेट किती वेळा झाला हे मोजतानाही सावध राहावे. जुन्या कर्नलमध्ये वॉचडॉगचा तो संदेश, खालच्या स्टॅक ट्रेससह (त्या क्षणी चाललेल्या फंक्शनांच्या यादीसह), एका बूटमध्ये एकदाच छापला जातो. पुढचे सगळे टाइमआउट तो न लिहिताच घडतात, आणि ‘महिन्यात एकदाच झाले’ असा गैरसमज होतो. खरा आकडा सिस-एफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली स्थिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागी, मिळतो: त्या इंटरफेसच्या प्रत्येक ट्रान्समिट रांगेच्या डिरेक्टरीत टीएक्स-टाइमआउट नावाची फाइल असते, तर लिंक किती वेळा गेली-आली हे कॅरियर-चेंजेस नावाची फाइल सांगते. या दोन फाइली आणि कार्डाची सेटिंग्ज पाहणाऱ्या-बदलणाऱ्या इथटूल या आज्ञेच्या कॅपिटल एस पर्यायाने मिळणारी आकडेवारी दर दहा सेकंदांनी, वेळेच्या नोंदीसह, एका फाइलीत साठवणारी छोटी स्क्रिप्ट चालू ठेवावी. घटना घडून गेल्यावर काढलेले आकडे बहुधा निरुपयोगी असतात, कारण काही ड्रायव्हरांत रिसेटबरोबर ते शून्यावर येतात.

स्क्रिप्टने फक्त वाचावे, काहीही बदलू नये. आत शिरण्याचा दुसरा मार्गही, म्हणजे सीरियल कन्सोल किंवा सर्व्हरचा व्यवस्थापन पोर्ट, तयार ठेवावा; मात्र तो व्यवस्थापन पोर्ट त्याच नेटवर्क कार्डावरून वाटून घेतलेला असेल, तर नेमक्या गरजेच्या क्षणी तोही जाण्याचा धोका आहे.

आपणच तर रिसेट करत नाही ना?

हा प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात आणि तो क्वचितच विचारला जातो. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) बदलणे, रिंगचा आकार किंवा रांगांची संख्या बदलणे, एक्सडीपी (ड्रायव्हरमध्येच पॅकेट हाताळणारा) प्रोग्रॅम जोडणे, इथटूलची ऑफलाइन चाचणी चालवणे, यांपैकी कोणत्याही कृतीने अनेक ड्रायव्हर कार्ड पुन्हा सुरू करतात. ट्यूनिंगचे प्रोफाइल लावणारी सेवा किंवा कॉन्फिगरेशन सांभाळणारे साधन ठरावीक अंतराने तेच मूल्य पुन्हा लिहीत असेल, तर लॉगमध्ये वॉचडॉगचा संदेश न येता रिसेट दिसतात. घटना दर तासाच्या त्याच मिनिटाला किंवा रोज त्याच वेळी घडत असतील, तर क्रॉन आणि सिस्टमडीचे टायमर (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयी) आधी तपासावेत. शंका राहिलीच, तर इथटूल आणि आयपी हे प्रोग्रॅम कोणी चालवले याची नोंद ऑडिट सेवेकडून करून घ्यावी.

वॉचडॉग आधी असेल तर

रांग अडण्याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात: कार्ड खरोखर अडकले, कार्डाने काम केले पण ते ड्रायव्हरपर्यंत पोहोचले नाही, किंवा समोरच्या स्विचने ‘थांबा’ असे सांगितले. हे तिन्ही प्रकार लॉगमध्ये जवळजवळ सारखेच दिसतात आणि त्यांचे उपाय मात्र एकमेकांशी संबंधित नसतात.

इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरच्या कार्डांवर पहिले दोन प्रकार वेगळे करणे सोपे आहे, कारण तो ड्रायव्हर ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’ या संदेशाखाली टीडीएच आणि टीडीटी ही दोन मूल्ये छापतो. टीडीटी म्हणजे ड्रायव्हरने कुठपर्यंत काम सोपवले आणि टीडीएच म्हणजे कार्डाने कुठपर्यंत ते उचलले. टीडीएच मागे राहून तिथेच थिजला असेल, तर कार्डाने काम उचलणेच थांबवले आहे. दोन्ही मूल्ये सारखी आहेत आणि तरीही ड्रायव्हरची साफसफाई मागे पडलेली आहे, असे दिसले तर कार्डाने सर्व काही उचलले आहे, पण ते पूर्ण झाल्याची खूण किंवा इंटरप्ट पोहोचलेला नाही.

कार्ड खरोखर अडकत असेल तर पहिला प्रयोग टीएसओ बंद करण्याचा. टीएसओमध्ये कर्नल ६४ केबीपर्यंतचा मोठा तुकडा कार्डाकडे देतो आणि त्याची लहान पॅकेट करण्याचे काम कार्डावर टाकतो. त्या कामात काही कार्डे विशिष्ट आकारांच्या तुकड्यांवर अडखळतात. इथटूलच्या कॅपिटल के पर्यायाने टीएसओ चालू सर्व्हरवर बंद करता येतो. जीएसओ (हेच विभाजन कर्नलमध्ये करणे), चेकसम (चूक-तपासणीची बेरीज) वगैरे बाकीच्या सोयी त्याच वेळी बंद करू नयेत, कारण मग कशामुळे फरक पडला ते कळत नाही. १ गिगाबिटच्या कार्डावर टीएसओशिवाय कायमचे राहणे परवडते. २५ किंवा १०० गिगाबिटच्या कार्डावर सीपीयूचा भार इतका वाढतो की तो निदानापुरताच उपाय समजावा आणि पुढे ड्रायव्हर व फर्मवेअरकडे (कार्डावरच्या सॉफ्टवेअरकडे) वळावे.

दुसरा प्रयोग वीज वाचवण्याच्या सोयींचा आहे. पीसीआय एक्स्प्रेसमधील (कार्ड व सीपीयू यांच्यातील स्लॉटच्या जोडणीतील) एएसपीएम ही सोय मोकळ्या क्षणी स्लॉटची लिंक झोपवते, आणि इंटेलच्या ८२५७४एल या चिपसह काही कार्डांवर तीमुळे अडकण्याचे प्रकार घडल्याचे सर्वज्ञात आहे. कर्नलच्या बूट ओळीत पीसीआयई-एएसपीएम बंद करण्याचा पर्याय देता येतो, पण काही मदरबोर्डांवर बायोसनेच ती सोय आधी चालू केलेली असते आणि त्या पर्यायाने कर्नल फक्त हात लावायचे थांबवतो. म्हणून बूटनंतर स्लॉटांमधील उपकरणे दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर माहितीत ती खरोखर बंद दिसते का ते पाहावे आणि शक्यतो बायोसमध्येच बंद करावी. तारेच्या बाजूची ईईई ही वीज वाचवणारी सोय वेगळी. ती इथटूलने बंद होते आणि तिचा त्रास बहुधा लिंक जाण्याच्या रूपात दिसतो.

एलएसपीसीआय उघडलेच आहे तर तेथे आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष जोडणी या दोन ओळींत वेग व लेनची (समांतर वाहिन्यांची) संख्या सारखी आहे का? पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीत एका लेनमधून एका दिशेने सुमारे ४ गिगाबिट जातात. आठ लेनचे, १० गिगाबिटचे दोन पोर्ट असलेले कार्ड नीट न बसल्यामुळे एका लेनवर चालत असेल, तर रिंग भरत जाणारच. लॉगमध्ये एईआरच्या (पीसीआय एक्स्प्रेसच्या चूक-नोंदीच्या) दुरुस्त झालेल्या चुकांचा पाऊस दिसणे हेही स्लॉट, रायझर (स्लॉट आडवा वळवणारा जोड) किंवा कार्डाच्या कडांवरील संपर्काकडे बोट दाखवते. ‘पीसीआयई लिंक लॉस्ट’ असा संदेश आयजीबी ड्रायव्हर देतो तेव्हा कार्डाच्या रजिस्टरांचे वाचन सर्व बिट एक असे परत येत असते, म्हणजे सीपीयूच्या दृष्टीने कार्ड तेथे नसतेच. अशा वेळी टीएसओ वगैरे सेटिंग्जशी खेळण्यात अर्थ नाही. कार्ड काढून पुन्हा बसवावे, स्लॉट बदलावा, वीजपुरवठा आणि तापमान पाहावे.

तापमानाचा विचार अनेकदा राहून जातो. सर्व्हरसाठीच्या बहुतेक कार्डांवर स्वतःचा पंखा नसतो. केसमधून जोराचा वारा वाहत असेल असे गृहीत धरूनच ती बनवलेली असतात. असे कार्ड साध्या टॉवर केसमध्ये बसवले किंवा पंख्यांचा वेग शांततेसाठी कमी केला, तर लोड वाढल्यावर चिप तापते. रिसेटच्या वेळा दुपारी दाटत असतील, तर हे आधी पाहावे.

कार्डाने काम केले पण ते ड्रायव्हरला कळले नाही, हा दुसरा प्रकार व्यग्र सर्व्हरवरच मुख्यतः दिसतो. प्रॉक या कर्नलच्या माहिती-डिरेक्टरीतील इंटरप्ट्सच्या फाइलीत प्रत्येक रांगेचा इंटरप्ट कोणत्या सीपीयूवर जातो आणि त्याचा आकडा वाढतो आहे का, हे दिसते. सर्व रांगा एकाच सीपीयूवर जमल्या असतील, किंवा एखादी रांग अशा सीपीयूला बांधलेली असेल जो उच्च प्राधान्याच्या दुसऱ्या कामात गुंतलेला आहे, तर साफसफाई मागे पडते. त्याच सुमाराला लॉगमध्ये ‘सॉफ्ट लॉकअप’ दिसत असेल, तर नेटवर्क कार्ड हे केवळ पहिले ओरडणारे आहे आणि दोष सीपीयू अडवून बसलेल्या दुसऱ्याच घटकाचा आहे. डीएमएआरच्या चुका (इंटेलच्या आयओएमयूचे संदेश) दिसल्या तर आयओएमयूच्या, म्हणजे उपकरणांना मेमरीचे पत्ते लावून देणाऱ्या घटकाच्या, नकाशाचा प्रश्न असतो. कर्नलला आयओएमयू पास-थ्रू पद्धतीने चालवण्यास सांगून पाहावे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. फ्लो कंट्रोल (गर्दी झाली की समोरच्याला थांबवण्याची सोय) चालू असेल आणि स्विचकडून पॉज फ्रेम, म्हणजे ‘थांबा’ सांगणारी पॅकेट, सतत येत राहिल्या, तर कार्ड नियमाप्रमाणे पाठवणे थांबवते, रिंग भरते, आणि वॉचडॉगला निरोगी कार्ड मेल्यासारखे दिसते. इथटूलच्या आकडेवारीत मिळालेल्या पॉज फ्रेमचा आकडा घटनेआधीच्या दहा-वीस सेकंदांत झपाट्याने चढलेला दिसला, तर हेच कारण मानावे. नावे ड्रायव्हरनुसार बदलतात, तरी त्यात ‘पॉज’ किंवा ‘एक्सऑफ’ हा शब्द बहुधा असतो. इथटूलच्या कॅपिटल ए पर्यायाने पॉज फ्रेम मानणे बंद करून पाहता येते, पण त्या स्विचवर कोणाचा पोर्ट तुंबलेला आहे हे शोधणे हा खरा उपाय आहे. साठवणुकीचे (स्टोरेजचे) जाळे पॉज फ्रेमवरच विसंबून असेल, तर हा बदल करण्याआधी त्या विभागाला विचारावे.

लिंक आधी जात असेल तर

येथे काम सरळ आहे. तांब्याच्या केबलवर सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत आहेत का ते पाहावे. १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणून एक जोडी कच्ची असली तर लिंक पडते किंवा १०० मेगाबिटवर येऊन बसते. वेग हाताने ठरवून देऊ नये; तांब्यावरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपसात ठरवणे) आवश्यक असते. १० गिगाबिटला पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए केबल लागते. फायबर असेल तर इथटूलच्या लहान एम पर्यायाने मॉड्यूलची प्रकाशशक्ती आणि तापमान वाचावे, जोडाची टोके स्वच्छ करावीत. संशयित गोष्टी एकेक करून शेजारच्या निर्दोष सर्व्हरशी अदलाबदल कराव्यात: आज केबल, त्यानंतर मॉड्यूल, मग स्विचचा पोर्ट. दोष ज्याच्याबरोबर हलतो, तो दोषी.

किती दिवस वाट पाहावी

अनियमित दोषाच्या बाबतीत ही गोष्ट मला सर्वांत दुर्लक्षित वाटते. रिसेट सरासरी दोन दिवसांनी एकदा, पण कोणत्याही क्रमाशिवाय घडत असतील, तर काहीही न बदलता सलग दोन दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. सहा दिवस शांत जाण्याची मात्र केवळ ५ टक्के. म्हणून एक बदल केल्यानंतर सरासरी अंतराच्या किमान तिप्पट काळ थांबावे आणि तोपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये. हा काळ परवडत नसेल, तर दोष मुद्दाम घडवून आणावा: दुसऱ्या सर्व्हरवरून आयपर्फ ३ या वेग मोजणाऱ्या साधनाने अनेक समांतर प्रवाह दोन्ही दिशांनी कित्येक तास चालवावेत, मग लहान यूडीपी पॅकेटांचा मारा करावा. टीएसओचा दोष मोठ्या टीसीपी प्रवाहात आणि इंटरप्टचा दोष लहान पॅकेटांत लवकर दिसण्याची शक्यता अधिक. शांतता तपासायची तर ती त्याच लोडखाली तपासावी. सुटीच्या दिवसांतली शांतता मोजणीत धरू नये.

रिंगचा आकार कमाल करा, असा सल्ला सर्वत्र मिळतो. येणारी पॅकेट गळत असतील तर तो उपयोगी आहे, पण अडकलेल्या कार्डाला मोठी रिंग दिल्याने ती भरायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकेच. वॉचडॉगची मुदत वाढवण्याचा सल्ला तर मानूच नये. सेवा तेवढी जास्त वेळ बंद राहील.

तोवर सेवा सावरण्यासाठी

मूळ कारण सापडेपर्यंत झळ कमी करता येते. तीन सेकंदांचा रिसेट वापरकर्त्यांना अर्ध्या मिनिटाचा वाटत असेल, तर स्विचचा पोर्ट स्पॅनिंग ट्रीमध्ये (नेटवर्कमधील वेटोळी टाळणाऱ्या व्यवस्थेत) एज पोर्ट, म्हणजे सर्व्हरसारखे टोकाचे उपकरण असलेला पोर्ट, म्हणून नेमलेला नाही असे समजावे. पारंपरिक स्पॅनिंग ट्री लिंक परत आल्यावर १५ आणि १५ असे ३० सेकंद तो अडवून ठेवते. दोन पोर्टांचे बाँडिंग (दोन्ही मिळून एक जोडणी) केले असेल, तर ते दोन पोर्ट एकाच कार्डावर नाहीत याची खात्री करावी. शिवाय नुसत्या एमआयआय तपासणीवर (लिंक चालू आहे एवढेच पाहणाऱ्या) विसंबू नये, कारण कार्ड अडकलेले असते त्या काळात लिंक चालूच दिसते आणि बाँडिंग जागचे हलत नाही. अॅक्टिव्ह-बॅकअप पद्धतीत (एक पोर्ट चालू, दुसरा राखीव) एआरपी तपासणी, म्हणजे दुसऱ्या पत्त्याला प्रश्न पाठवून उत्तर येते का हे पाहणे, वापरली तर अशी अडकलेली अवस्था ओळखता येते.

सापडलेला उपाय कायम करायला विसरू नये. इथटूलने केलेला बदल रीबूटनंतर टिकत नाही. नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीत किंवा सिस्टमडीच्या लिंक फाइलीत तो लिहावा, एकदा रीबूट करावे आणि मूल्य वाचून पाहावे.

विक्रेत्याकडे तक्रार द्यायची वेळ आली, तर कर्नलची आवृत्ती, इथटूलच्या लहान आय पर्यायाने दिसणारी ड्रायव्हर व फर्मवेअरची आवृत्ती, एलएसपीसीआयची पूर्ण माहिती, स्क्रिप्टने साठवलेले घटनेआधीचे आणि नंतरचे आकडे, आणि आजवर एकेक करून काय बदलले व त्यानंतर किती वेळ गेला याची यादी द्यावी. नव्या पिढीच्या काही कार्डांवर डेव्हलिंक या आज्ञेची हेल्थ ही सोय रांग अडकल्याच्या क्षणाचा डंप (स्थितीची नोंद) स्वतःहून साठवते. तो डंप काढून घेतल्यावर लगेच पुसावा, कारण जुना डंप तेथे असेपर्यंत पुढच्या घटनेचा नवा डंप घेतला जात नाही.